बाईंनी तिसरीतच सांगितलं होतं

"स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी," मॅडम म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्याकडं न देता स्नेहलकडं सरकवला. स्नेहल माझी मुलगी, वय एकोणीस. तिनं पहिल्या पानाकडं बघितलं आणि कागद माझ्या हातात दिले. "आप्पा, तुम्हीच वाचा."

म्हणजे बुद्धी चांगली, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड मेंदूत लवकर बसत नाही. वाचताना अडतं, लिहिताना अडतं. यावर गोळी नसते. लहानपणी कळलं तर वेगळ्या पद्धतीनं शिकवता येतं. मॅडमनी मला हे दोनदा समजावलं. 'लहानपणी' हा शब्द दोन्ही वेळा आला.

आम्ही निपाणीचे, कर्नाटकातले मराठी. मी तंबाखूच्या वखारीत कारकून. स्नेहल दहावीला दोनदा नापास झाली आणि शिवणकामाला लागली. यंदा स्कूटरच्या लायसन्ससाठी गेली, तर कॉम्प्युटरवरचे प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपला. घरी येऊन म्हणाली, "माझ्या डोक्यात काय बिघडलंय ते एकदा तपासून तर घ्या." म्हणून बेळगावला गेलतो.

मॅडम तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाची आणि बुद्धीची रीतसर तपासणी करणाऱ्या. सुई नाही, रक्त नाही. तीन सकाळी लागल्या. ठोकळे जुळवायचे, आकडे ऐकून उलटे सांगायचे, उतारा मोठ्यानं वाचायचा. बाहेर बाकांवर सगळी सात-आठ वर्षांची पोरं. एका बाईनं मला विचारलं, "तुमचं पोरगं आत गेलंय व्हय?" मी "व्हय" म्हटलं. स्नेहल शेजारीच बसली होती.

"आत कुठलं? हे काय, हितंच बसलंय की," ती म्हणाली. बाई हसली. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "शाळेत पूर्वी कुणी काही सुचवलं होतं?" मी नाही म्हटलं. ते खोटं होतं.

स्नेहल तिसरीत असताना कन्नडच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. मोडक्या मराठीत म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण फक्त कन्नड नाही, मराठी पण वाचत नाही. बेळगावला दाखवा." मी एवढंच धरलं, की कानडी बाई आमच्या पोरीला मंद म्हणते. हेडमास्तरांसमोर त्यांना नको नको ते बोललो. वखारीत चार लोकांनी पाठ थोपटली. पुढं एका सभेत भाषणही ठोकलं, की कानडीच्या सक्तीनं माझी पोरगी मागं पडली. पोरगी पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. बाई काय म्हणाल्या ते मंगलला, माझ्या बायकोला, मी कधीच सांगितलं नाही.

पाचवीला तिला हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत घातलं. तिथं कानडीचा एक तासही नव्हता. तरी वाचता येईना. आता भाषेवर ढकलायची सोय राहिली नाही. मग मी हात उचलला. पट्टीनं, पट्ट्यानं. लई मारलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कन्नड ती छान बोलते. अडचण भाषेची नाही, दोन्हीकडं वाचनाचीच आहे." शिवणाच्या दुकानात ती गिऱ्हाइकांशी कन्नड बोलते, हे मला तेव्हा कळलं.

परतीच्या बसमध्ये मी रिपोर्ट वाचत होतो, इंग्रजीचं मराठी करून. 'आकलन वयाच्या सरासरीपेक्षा जास्त' हे आलं तसं तिनं थांबवलं.

"परत वाचा."

वाचलं.

"हे आईला वाचून दाखवा. आणि बाई काय म्हणाल्या होत्या ते पण सांगा. मी दाराबाहेरच उभी होते, आप्पा."

दहा वर्षं ती ते मनात ठेवून होती, माझा मार खाल्ला तेव्हाही.

घरी सगळं सांगितलं. मंगल माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलते. बाईंचे पाय धरावेत म्हणून शाळेत गेलतो. त्या बदली होऊन गेल्यात, कुठं ते कुणाला ठाऊक न्हाय. त्यांचे आभार इथंच मानतो. तुमच्या मुलाबद्दल कुणी असं काही सांगितलं, तर सांगणारा कुठल्या भाषेतला आहे ते बघत बसू नका.

सरकारी दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ मिळतो, लिहायला माणूस मिळतो. मॅडम म्हणाल्या, वेगळ्या पद्धतीनं शिकली तर या वयातही थोडा फरक पडेल, पण तिची इच्छा हवी. दाखल्याचा अर्ज मी भरून ठेवलाय. सही तिची लागते. ती करत नाही, आणि कर म्हणायला मला तोंड नाही.