वासराचं पान

पाच वर्षांची नात सुट्टीत नांदगाव खंडेश्वरहून आमच्याकडे अकोल्याला आली, तेव्हा तिच्या आईने मला फोनवर बजावलं होतं, "बाबा, तिले रोज गोष्ट वाचून दाखवा. दुसऱ्याचं दुःख समजलं पाहिजे लेकराले."

मग काय, दुपारी ऊन रणरणायला लागलं की आम्ही दोघं कूलरसमोर पुस्तक घेऊन बसायचो. तिला एकच गोष्ट हवी असायची, आठवडी बाजारात आईपासून चुकलेल्या वासराची. मला ती पाठ झाली होती.

एका दुपारी, वासरू गर्दीत एकटंच उभं आहे त्या पानावर तिने हात ठेवला. पान उलटू देईना, आणि मुसमुसून रडायला लागली. माझे डोळे झोपेने मिटत होते. मी वैतागलोच.

"पोरी, शेवटी भेटते ना त्याले त्याची माय! कालच तर वाचलं आपण. आता काहून रडून राहिली?"

तिने फ्रॉकला नाक पुसलं आणि मलाच समजावत म्हणाली,

"आबाजी, ते आपल्याले माहीत हाय. त्याले कुठं माहीत हाय?"