पाहुणे दारात, तरी पावणं आलं न्हाईत

पुण्याचं चौघांचं कुटुंब जीपमधून उतरून दहा मिनिटं झाली होती, आणि बिरू तोंड उघडायला तयार नव्हता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. पर्यटन खात्यात ट्रेनिंग ऑफिसर म्हणून माझं पोस्टिंग कोल्हापूरला होतं. मलकापूरच्या पुढे डोंगरात एक धनगरवाडा आहे. तिथल्या बिरूसह पाच जणांना गाइड बनवायचं काम माझ्याकडे आलं. गाइड म्हणजे नुसता वाटाड्या नव्हे. पाहुण्याचं स्वागत करायचं, रान दाखवायचं, आपला देव, आपले ढोल, आपली मेंढरं यांच्याबद्दल सांगायचं. खऱ्या पाहुण्यांसमोरची ट्रायल पास झाली तर पाचही जणांना खात्याचा बिल्ला मिळणार होता. नापास झाली तर हेच काम शहरातले गाइड करणार, आणि बिरू बायकोपोरांसह पुन्हा ऊसतोडीला जाणार.

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अरे, सुरू कर की."

"पावणं येऊ देत की सायेब."

"मग हे कोण आहेत?"

त्यानं चौघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी मीच पाहुण्यांना रान दाखवलं. दोन झाडांची नावं चुकलो.

ते गेल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "घाबरलास?"

"न्हाय."

"पाठ केलेलं विसरलास?"

"न्हाय की."

"मग झालं काय?"

"पावणं आलंच न्हाईत, तर कुणाला सांगू?"

हा माझी चेष्टा करतोय की मलाच मराठी कळेनाशी झालीय, समजेना. महिनाभर मी त्याला घोटून घेतलं होतं. माझ्यापुढे तो बिरोबाची कथा अशी सांगायचा की मी नोट्स घ्यायचं विसरायचो. पाहुणे आले की याची बोबडी का वळते? वाड्यावरच्या उरलेल्या चौघा गाइडना विचारलं. तेही म्हणाले, बरोबर हाय त्याचं.

मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ड्रिल वाढवलं. नमस्कार मोठ्यानं, मान ताठ, हसरा चेहरा. बिरू सगळं चोख करायचा. माझा गोंधळ तसाच.

पुढच्या ट्रायलला हेड ऑफिसातून प्रधान साहेब स्वतः आले. खांद्याला थर्मास, हातात फाइल. बिरूची बायको तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन पुढे आली.

"नको बाई," साहेब म्हणाले, "पाणी आहे माझ्याकडे."

बिरूनं तांब्या तिच्या हातातून घेतला, दगडावर ठेवला आणि गप्प उभा राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग पेनाचं टोपण काढलं.

माझी नजर त्या तांब्यावर गेली. पुण्याची मंडळी आली तेव्हाही तो असाच भरलेला राहिला होता. आणि मी? पहिल्या दिवशी जीप मिळाली नाही म्हणून पायीच डोंगर चढून धापा टाकत आलो, तेव्हा याच तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलो होतो.

"साहेब, पाणी घ्या."

"वाड्यावरचं पाणी घेऊ नये, हे सर्क्युलर कुणाचं?"

"माझंच. तरी घ्या."

साहेबांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. पण गूळ तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवेपर्यंत बिरूचे हात जोडले गेले होते.

"या पावणं. वाईच बसा. ह्यो समोर दिसतोय न्हवं, त्यो आमचा बिरोबा."

दुपार कलली तरी साहेब उठले नाहीत. फाइल कुठे ठेवली, हे त्यांना जीपमध्ये बसताना आठवलं.

नंतर मी बिरूवर भडकलो. "पाण्याचं मला सांगितलं का नाहीस?"

"पानी घ्या म्हनून एकदा इचारायचं. घेतलं तर पावणा, न्हाय तर वाटसरू. मागून घेतलेला मान कसला, सायेब?"

मला लाज वाटली. त्याच्या दारात पाहुणा येऊच नये, अशी व्यवस्था मी सायक्लोस्टाइल करून वाटली होती.

पाचही जणांना बिल्ले मिळाले. साहेबांच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती: ट्रेनरला आणखी ट्रेनिंगची गरज आहे.

मी ती निमूटपणे फाइलला लावली. मग नवं सर्क्युलर काढलं. पहिली सूचना: वाड्यावर गेल्यावर आधी पाणी घ्यावे. ते उकळून ठेवायला मात्र मी बिरूच्या बायकोला सांगितलं. ट्रायलनंतर साहेब पोट बिघडून दोन दिवस रजेवर होते.