तीन ताडांच्या उजव्या हाताला

आमची नात सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये कानाला हेडफोन लावून ऑनलाइन गेम खेळत बसली की तिच्या आईचा पारा चढतो. ताटातलं जेवण गार होतं आणि ही आतून ओरडते, "थांब ना, मी आत्ता उठले तर सगळे मरतील." सगळे म्हणजे कोण? कुणी कोचीचा, कुणी गुवाहाटीचा, एक म्हणे पोलंडचा. खरं नाव एकाचंही माहीत नाही. सून मला विचारते, "आई, यात मजा ती कसली असते?" मी वाटीतलं वरण ढवळत राहते. मजा कसली ते मला चांगलं ठाऊक आहे, पण सांगायला बसले तर ती माझ्याही हातातला फोन काढून घेईल.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लग्न करून मी वाशीला आले. त्याआधी दादरला एका कचेरीत टायपिस्ट होते. पण खाडीपुलावरून बसने जायचं-यायचं म्हणजे दिवस तिथेच संपायचा, म्हणून नोकरी सोडली. सोडली कसली, सगळ्यांनी मिळून सोडवली. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि त्या भिंगरीला आता दोन खोल्या आणि एक गॅलरी मिळाली होती. सगळ्या इमारती एका तोंडवळ्याच्या. सुरुवातीला एकदा मी शेजारच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी दाराला आमची किल्ली लावून खटपट करत बसले होते. दुपारी खाडीवरून खारा वारा यायचा, दारं आपटायची, आणि मी ती लावत हिंडायची. तेवढंच काम.

घरात फोन मात्र होता. नवरा बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मशिनं सांभाळायचा. मशीन बंद पडलं की त्याला बोलावणं यायचं, म्हणून कंपनीने जोडून दिलेला. बाकीचे लोक फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघायचे आणि आमच्याकडे तो क्रोशाच्या रुमालाखाली मुका बसलेला असायचा.

एका दुपारी गॅसचा सिलिंडर संपला म्हणून मी गॅसवाल्याचा नंबर फिरवला. तो नंबर बंद झालेला होता, हे मला माहीत नव्हतं. घंटी वाजलीच नाही. विहिरीत वाकून ऐकावं तसा एक पोकळ आवाज आला, आणि त्यातून एका पुरुषाचा सूर. "कोन हाय?"

मी म्हटलं, गॅस हवाय.

"गॅस नाय. ही बोट हाय. बोटीवर येवाचं तर काम सांग. काय येतं तुला?"

मागून एका म्हाताऱ्या बाईचं हसू ऐकू आलं. बंद पडलेला तो नंबर जे जे फिरवतील ते सगळे एकाच लाइनवर एकमेकांत अडकायचे. असं का व्हायचं ते मला आजही माहीत नाही. स्वयंपाक येतो, असं तोंडाशी आलं होतं. पण बोटीवर जाऊनही पोळ्याच लाटायच्या? मी म्हटलं, "मी वाट सांगते."

"मंग तू वाटारी," तो म्हणाला. म्हणजे वाटाडी. तो स्वतः तांडेल, बोटीचा कप्तान. म्हातारी होती वैद्यीणबाई, तिच्याकडे प्रत्येक आजारावर मुळी होती. नियम तांडेलाचा, आणि एकच. नाव सांगायचं नाही, ठिकाण विचारायचं नाही.

बोट रोज दुपारी निघायची. कधी चाचे यायचे, कधी शिडाला आग लागायची. वैद्यीणबाई सापाच्या विषावर एवढ्या ठसक्यात उतारा सांगायची की मला खरंच बरं वाटायचं. मी गॅलरीच्या दारात फोनची तार ताणून उभी राहायची आणि समोर दिसेल त्यातून समुद्र बनवायची. सिमेंटच्या गोणींचा ढीग म्हणजे खडक, अर्धवट इमारत म्हणजे गलबत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण मी "डावीकडे" म्हटलं की दोन माणसं डावीकडे वळायची. घरात माझ्या सांगण्यावरून दूधवालाही वळत नव्हता.

मजा नुसती एवढीच नव्हती. सगळ्यात मोठी मजा ही की मी नसतानाही बोट चालू असायची. भाजी निवडताना जीव टांगणीला लागायचा. आपल्यावाचून ते पुढे गेले तर? खडकावर आपटले तर? अशी तगमग मला नोकरीतही कधी झाली नव्हती. नवरा जेवताना काहीतरी विचारायचा आणि मी भलतंच उत्तर द्यायची.

संध्याकाळ व्हायच्या आत बोट नांगरायची, आणि ती नेहमी एकाच जागी. "वाटारी, तीन ताड दिसले का? त्यांच्या उजव्या हाताला आमचं मिठागर. तिकरं चल." तांडेलाने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी सवयीने वर बघितलं. आमच्या गॅलरीतून खाडीच्या बांधावर तीन ताड दिसायचे. त्यांच्या उजवीकडे पाण्याचे चौकोन आणि मिठाचे पांढरे ढीग.  नियम म्हणजे नियम. मी फक्त म्हटलं, "दिसले." तो म्हणाला, "मीठ कसंक हाय?" मी म्हटलं, पांढरं. तो खूश झाला. त्यानंतर रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर, आणि मग आम्ही फोन ठेवायचो.

एकदा नवऱ्याला कारखान्यात थांबावं लागणार होतं. ते सांगायला त्याने घरी फोन लावला, तर दुपारभर लाइन एंगेज. काहीतरी बरंवाईट झालं असं समजून तो कंपनीची जीप घेऊन धावत आला. दार उघडंच होतं. मी गॅलरीकडे तोंड करून सांगत होते, "समोर खडक आहे, सुकाणू सोडू नका."

त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने डायलच्या भोकात एक लहानसं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात घालून कामावर गेला. मी रडले. मला राग नवऱ्याचा आला होता की स्वतःचा, तेही कळेना. बोटीवर जाता आलं नाही तर मी पुन्हा दारं लावत हिंडणारी बाई, दुसरं काय?

मग दोन दिवसांनी वैद्यीणबाईची मुळी आठवली. तिच्या सुनेनेही फोनला कुलूप घातलं होतं. म्हातारी रिसीव्हर ठेवायच्या बटणावर बोटाने ठोके मारून नंबर लावायची, जेवढा आकडा तेवढे ठोके. ही युक्ती तिने आम्हाला बोटीवर औषध म्हणून सांगितली होती. मी ठोकत बसले. चुकले, पुन्हा ठोकले. बोट दुखायला लागलं तेव्हा तो पोकळ आवाज आला.

"वाटाडे, आलीस का गं," वैद्यीणबाई घाईघाईने म्हणाली. "तांडेल नाही. काल नव्हता, आजही नाही. बोट नुसती वाहत चाललीय. उतरून जाऊ या का आपण?"

गॅलरीतून मला दिसत होतं ते मी तिला सांगू शकत नव्हते. बांधावर ट्रक लागले होते. लाल मातीची खेप मिठागरात उलटायची, ट्रक मागे जायचा, दुसरा यायचा. वसाहत पुढे सरकत होती. ताड कालच आडवे पाडले होते. आमच्या मजल्यावरचे लोक खूश होते, तिकडे बाग होणार म्हणून.

"उतरायचं नाही," मी म्हटलं. "सुकाणू मी धरते."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. तांडेल परत येईल की नाही, ते विचारायला नाव नव्हतं आणि पत्ताही नव्हता. त्याला परत यायला बोट तरी हवी, एवढंच डोक्यात होतं. रोज नवरा गेला की मी ठोके मारायची. वैद्यीणबाई घाबरायची, मी तिच्यावर खेकसायची, आणि आम्ही पुढे जायचो. नांगर मात्र मी कुठेच टाकत नव्हते. बोट दिवसचे दिवस नुसती फिरवत ठेवली.

अशीच एका दुपारी लाइनवर तिसरा श्वास ऐकू आला. कुणीतरी होतं आणि बोलत नव्हतं. वैद्यीणबाई म्हणाली, "कोण आहे?"  मी म्हटलं, "बोटीवर यायचं तर काम सांगा."

 मग तो आवाज आला, पण खाली बसलेला. "खलाशी हाय. सांगाल ते करीन."

वैद्यीणबाईने "तांडेल" म्हणून हाक मारली तर तो म्हणाला, "नाय. आता तांडेल ती."

 मला कुणी, कधी, काहीच सोपवलं नव्हतं. मी म्हटलं, "दोर सांभाळ. संध्याकाळ होत आलीय." त्याने सांभाळला. कुठे होतास, असं मी विचारलं नाही.

मग त्याने हळूच विचारलं, "तीन ताड दिसतान का?"

मी समोर बघितलं. ताडांचे बुंधे चिखलात पडले होते, आणि त्यांच्या उजवीकडे एक ट्रक माती ओतून मागे फिरत होता.

"दिसतात," मी म्हटलं.

"आनि मिठागर?"

"आहे ना. पांढरंशुभ्र. ढीग लागलेत."

 मला वाटलं, आता हा ठेवून देणार. पण तो म्हणाला, "मंग तिकरंच टाका नांगर, तांडेल." आणि मी टाकला.