घर कोणापायी थांबलं

आमचं घर दोन वर्षं उशिरा झालं. त्याचं खरं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना जे कारण ठाऊक आहे, ते मी तयार केलेलं आहे.

आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची पतसंस्था होती. कर्जाला जामीनदार लागायचा आणि जामीन म्हणजे चहाच्या टपरीवरचा व्यवहार. आज तू माझ्या कागदावर सही कर, उद्या मी तुझ्या. नाही म्हणणारा माणूस ऑफिसात एकटा पडायचा. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, “मार ना गा सही! मी तुह्यासाठी नाही मारली काय?”

बायकोने आधीच बजावलं होतं, “त्याच्यासाठी सही नका करजा, सांगून ठेवते. दिवाळीत आपला कुकर नेला तो अजून परत नाही करून राहिला. कर्ज काय फेडते तो?”

मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

पुढे मित्र नोकरी सोडून कुठे गेला ते कळलं नाही. संस्थेने माझ्याकडे मागणी लावली. मी खाल्लं नाही, मी काहून भरू, या हट्टाने मी भांडत बसलो. माझं नाव थकबाकीदारांत गेलं. घरी बोललो नाही. कुकरचं ऐकून घ्यावं लागलं असतं, एवढंच त्यामागे होतं.

त्याच सुमारास आम्ही शहराबाहेरच्या एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला. तेव्हा आम्ही शहरात जरीपटक्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बायको जवळच्या खाजगी शाळेत शिकवायची. एकट्याच्या पगारावर बांधकामाचं कर्ज बसत नव्हतं, म्हणून बँकेत दोघांच्या नावाने अर्ज केला. अर्ज दिला त्या रविवारी तिने प्लॉटच्या कोपऱ्यात सीताफळ लावलं. नंतर दर रविवारी मी सायकल मारायचो आणि ती मागे पाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची.

अर्जाचं काय झालं ते विचारायला बँकेत मी एकटाच गेलो. तिची शाळा होती. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, “बाईंचे कागद एकदम साफ आहेत. तुमचंच नाव तुमच्या संस्थेत थकबाकीत लागून आहे. तिथून काही बाकी नसल्याचा, बेबाकीचा दाखला आणा, मग पाहू.” आणि आवाज खाली आणून विचारलं, “बाईंना माहीत आहे ना?”

मी हो म्हणालो.

घरी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. बोटांना खडूची पूड तशीच. “काय म्हणले?”

सांगायचं ठरवूनच आलो होतो. तोंडातून निघालं ते असं, “तुझी नोकरी पक्की नाही. खाजगी शाळा त्यांना चालत नाही म्हणे.”

तिने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, “म्हणजे माह्यापायी अटकलं.”

मी पायातले बूट काढत होतो. मान वर केली नाही.

कोणापुढे कधी हात न पसरलेली ही बाई त्यानंतर शाळेच्या सेक्रेटरीच्या ओसरीवर जाऊन बसू लागली. पक्क्या नेमणुकीसाठी. त्याने तिच्याकडून आपल्या मुलांची शिकवणी फुकट करून घेतली. संध्याकाळी ती थकून यायची आणि मलाच समजवायची, “होईल हो, तुम्ही जिवाला लावून नका घेऊ.” मी तिकडे ओव्हरटाइम करून गुपचूप मित्राचं कर्ज फेडत होतो. दोघंही एकाच घरासाठी राबत होतो, पण तिला त्यातला अर्धाच भाग दिसत होता.

तिच्या पक्क्या नेमणुकीची ऑर्डर आली तेव्हा माझा दाखला पंधरवडाभर आधीच येऊन पडला होता. कर्ज मंजूर झालं. तिने गल्लीत पेढे वाटले.

वास्तूच्या दिवशी सीताफळ खिडकीएवढं झालं होतं. बायका तिला चिडवत होत्या, “काहून वं, घराच्या आधी झाडच मोठं केलं?” ती हसत म्हणाली, “माह्या नोकरीपायी घर थांबलं, झाड कसं थांबन?”

जेवणं झाल्यावर तिच्या माहेराहून, खाप्याहून आलेले सासरे माझ्यापाशी आले. म्हातारा मानी होता. माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, “पोरीपायी तुम्हाले थांबा लागलं जावईबापू. पण तुम्ही तिले एका शब्दानं बोलले नाही.”

मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, “असू द्या मामाजी. चालायचंच.”

खोटं बोललो त्याचं मी कसंतरी समर्थन करू शकतो. घाबरलो होतो. पण त्या दिवशी मी माफ केलं. बापलेकीला, दोघांनाही.

सासरे आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं. ती आहे, आत्ता मागच्या अंगणात सीताफळं उतरवते आहे. घर तिच्यापायी नाही, माझ्यापायी थांबलं होतं, हे तिला तोंडाने सांगणं आणि तिची माफी मागणं माझ्याकडे बाकी आहे.