आमचं ‘किक मार’ वरातीत वाजलं तेव्हा

सांगलीला कॉलेजात असताना मी एका रॉक बँडमध्ये गात होते. साताऱ्याला घरी हे सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "म्हणजे लग्नाच्या वरातीत?" वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी जरा जोरात घातली.

आम्ही चौघं होतो. गिटारवाले दोघं माझ्याच वर्गातले, आणि ड्रम वाजवणारा कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला. सुरुवातीची आमची सगळी गाणी उदास. विशीतच आम्हाला जगाचा कंटाळा आला होता, आणि लोकांना आमचा. एका गॅदरिंगला तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्मा मंडप भेळेच्या गाड्यावर जाऊन उभा राहिला, तेव्हा ड्रमवाला म्हणाला, "लय रडलो गड्यांनो. आता एक तरी नाचायचं गाणं करू या."

ते त्यानंच लिहिलं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तरी त्याची जुनी स्कूटर सुरू व्हायची नाही आणि अख्खी गल्ली सल्ले द्यायची, त्यावर. ‘किक मार, किक मार, भोंगा झाला, किक मार’ हे धृपद. त्याच्या मावशीच्या खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही ते टेप केलं. चौथ्या वेळी मावशीच दाराआडून "किक मार!" ओरडल्या. तो आवाज इतका झकास बसला की तसाच ठेवला.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंना हे एकच गाणं. विकायला दिली तेव्हा दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली.

"आणि उरलेली टेप?"

"कोरी आहे."

"मग गिऱ्हाइकाला सांगतो, एक गाणं यांचं, बाकीची तुमची तुम्ही भरून घ्या."

कॉलेजात गाणं सपशेल आपटलं. लांब केस वाढवून इंग्रजी गाणी ऐकणारी मुलं म्हणाली, "याला रॉक म्हणतात? यावर लेझीम खेळा." ते मला इतकं लागलं की दोन आठवडे मी तालमीला फिरकले नाही. घरी वडिलांनी एकदाच ऐकलं. "शब्द कळतात, एवढं बरं," म्हणाले.

मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही कवठे महांकाळला गेलो. उन्हं उतरल्यावर वरात निघाली. बँडवाल्यांनी नेहमीची दोन गाणी वाजवली आणि मग क्लॅरिनेटवर आमचं धृपद सुरू झालं. मला वाटलं, भास होतोय. पण पुढं नाचणारे सगळे एका पायानं हवेत किक मारत उड्या घ्यायला लागले. नवऱ्या मुलाचे काकासुद्धा, फेटा सावरत.

मी गर्दीतून वाट काढत क्लॅरिनेट वाजवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी गेले. त्यांनी दम घ्यायला वाद्य खाली घेतलं तेव्हा विचारलं, "काका, हे कुठं ऐकलंत?"

"कुपवाडला, एका गॅरेजात. दिसभर ह्येच लावत्यात."

"ते आमचं गाणं आहे. मी गायलंय."

"व्हय, व्हय," ते हसले. "समदी असंच म्हणत्यात."

"खरंच, काका."

"मग म्हणा की!" म्हणत त्यांनी बँडच्या गाड्यावरचा माईक माझ्या हातात दिला.

नऊवारीत, नाकात नथ, सगळ्या सोयऱ्यांसमोर मी गायले. दुसरं कडवं बँडला येत नव्हतं. तिथं ताशेवाल्यानं नुसता ठेका धरला आणि कडवं पेललं. गाता गाता मागं पाहिलं, तर लोकांच्या पायात येणारी माईकची वायर हातात उचलून धरत वडील माझ्या मागून चालले होते. अगदी परेडमध्ये असल्यासारखे, सरळ. मला पुढची ओळ आठवेना. मी धृपदच पुन्हा म्हटलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सांगलीला परतल्यावर पहिल्यांदा ड्रमवाल्याला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कॉलेजातल्या मुलांचं नावही काढलं नाही.

"दुसऱ्या कडव्याला ताशा व्हता?"

"होता."

"कसा वाटला?"

"लय भारी."

"आयला," तो म्हणाला, "आपल्याला कसं सुचलं न्हाई?" आणि पुढच्या रविवारी तालमीला तो ताशा गळ्यात अडकवूनच आला.