माझ्याकडे दोर होता

मनोहर गेल्याची खबर कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डाने आली. असे कार्ड वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. मी ते ठेवले आहे. आसगावच्या टपाल शाखेत ज्याने हयातभर लोकांची पत्रे जपली, त्याच्या मृत्यूची ओळ फाडण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. त्याच्या पत्नी सुमनवहिनींनी एवढेच लिहिले होते : "तुमचा वाटाड्या गेला. सोबत्यांना कळवा."

वाटाड्या म्हणजे काय हे सांगणे भाग आहे, कारण शोकसभेत त्याचा उल्लेख 'पोरखेळ' असा झाला. आणीबाणी उठल्यानंतरच्या काळात आम्ही चौघे टपालाने बुद्धिबळ खेळत असू. पवनीच्या शिक्षिका शकुंतलाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "दोघं खेळणार आणि दोघं बघणार, हा काय खेळ झाला?" त्यातून मोहीम निघाली. घनदाट अरण्य, मायावी राक्षस, दूरच्या गडावर कोंडून ठेवलेला सूर्य आणि त्याला सोडवायला निघालेली टोळी. मनोहर वाटाड्या, शकुंतलाबाई वैद्य, तुमसरच्या राइस मिलमधले दिवाणजी गोवर्धन ढालकरी. मी भंडाऱ्यात बसून निवाडेदार, म्हणजे वाटेत कोणते संकट येते आणि त्यातून कोण कसे सुटते हे ठरवणारा. प्रत्येकाने आपले पात्र काय करते ते कार्डावर लिहून मला कळवायचे, मी निकाल द्यायचा. नियम अर्थातच मी केले, कलमवार. निवाडेदाराने स्वतः मोहिमेत हात घालायचा नाही, हे पहिले कलम.

एका मुक्कामी टोळी गुहेत उतरली. ढालकऱ्याने लिहिले, तलवारीला धार लावली. वैद्याने लिहिले, जखमा बांधल्या. वाटाड्याने लिहिले, झाडावर चढून पुढचा रस्ता पाहिला. पहारा कोणीच लिहिला नाही. तो दुसरा देईल, असे प्रत्येकाने गृहीत धरलेले. मी निकाल दिला की राक्षसांनी वैद्याला उचलून नेले. पुढच्या रविवारी तिघेही एस.टी.ने माझ्या ओसरीवर हजर.

"पहारा त असतेच नं साहेब," गोवर्धन तणतणला. "तो काय लिहा लागते?"

"कार्डावर नाही, म्हणजे दिला नाही."

"मंग सगळ्याईचीच चूक समजा, अन् द्या सोडून."

मनोहर चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "सगळ्याईची म्हणजे कोणाचीच नाही, गोवर्धनभाऊ. गुहा मी निवडली. पहारा लावणं माह्याकडं होतं. नाही लावला."

"बरं झालं कोणीतरी बोललं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "नाहीतर मी जन्मभर राक्षसाच्या घरी भाकरी थापत बसले असते."

तेव्हापासून मनोहरने एक रीत पाडली. कार्डाची पहिली ओळ 'माझ्याकडे' या शब्दाने सुरू व्हायची : माझ्याकडे अमुक होते, ते केले किंवा केले नाही. बाकी सारे त्याखाली. वैद्याला सोडवायला टोळीला अर्धा उन्हाळा लागला, पण त्या काळात गोवर्धनसारख्या तापट माणसाचेही कार्ड आले : "माझ्याकडे ढाल होती. वाटाड्यावर धरली नाही, स्वतःवर धरली." मी लोकांचे अर्ज लिहीत अनेक न्यायालयांच्या ओट्यांवर आयुष्य घालवले आहे. इतका स्वच्छ जबाब मला तिथे ऐकायला मिळाला नाही...

पुढची गोष्ट खेळातली नाही. आसगावच्या शिवारातल्या नाल्यावर लाकडी साकव होता. धान रोवण्याच्या दिवसांत बाया त्यावरून बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, जात. त्याच्या देखभालीला गावाने पाच जणांची समिती नेमली. फळ्या एकाकडे, खांब दुसऱ्याकडे, बांधबंदिस्ती तिसऱ्याकडे, पाणी चढताच वाट बंद करणे चौथ्याकडे, धरायचा दोर मनोहरकडे. एका सकाळी पाणी चढलेले, वाट उघडी, फळी कुजलेली. रोवणीला निघालेली कौसाबाई पडली, तिने दोर धरला आणि जुना दोर तुटला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. ग्रामसभेत चौघे म्हणाले, "जबाबदारी सामूहिक आहे." मनोहर उभा राहिला : "माह्याकडं दोर होता. बदलाचा होता, मी नाही बदलला."

तेवढे वाक्य गावाला पुरले. समितीतून तो एकटा निघाला, चौघे राहिले. लोक त्याला दोरवाला म्हणू लागले. मी चिडून त्याला लिहिले की, तुझ्या कबुलीत चौघांची सुटका झाली. त्याचे उत्तर आले : "माह्या कार्डात त्याईची ओळ मी कशी लिहू?"

त्यानंतर दर पावसाळ्याआधी तो अंबाडीच्या वाखाचा नवा दोर स्वतः वळून साकवाला बांधी. अखेरपर्यंत.

शोकसभेत समितीचे अध्यक्ष बोलले, "मनोहरभाऊ मनाचे मोठे. पोरखेळात रमले, पण साकवाची चूक त्याईनं आपल्या अंगावर घेतली. तो विषय आता मिटला." मी उठलो. म्हटले, "त्याने साकवाची चूक घेतलेली नाही. त्याने दोराची चूक घेतली. फळी, खांब, बांध आणि वाट यांचे जबाब अजून यायचे आहेत." सभेत कुजबुज झाली. तेवढ्यात मागे काठी टेकून बसलेली कौसाबाई म्हणाली, "दोरवाला दर सालाले माह्या घरी येऊन जाय. तुमी चौघं कधी आले जी?"

मी चौघांना पत्रे पाठवली आहेत. मागणी एकच : एक कार्ड, पहिली ओळ 'माझ्याकडे'ने सुरू होणारी. उत्तर नाही. हरकत नाही. मी निवृत्त आहे, हात चालतो आहे, आणि मृत माणसाच्या माथी जिवंतांचा वाटा मारला जाणे मी मान्य करणार नाही. ज्यांना हा पोरखेळ वाटतो, त्यांनी तो एकदा खेळून पाहावा.

तेराव्याला आम्ही तिघे पुन्हा आसगावला गेलो. त्याच्या घरातल्याच टपालाच्या खोलीत, तराजूच्या वर, खुंटीला यंदाचा दोर टांगलेला होता. अर्धाच वळलेला, खाली वाख मोकळा. सुमनवहिनी म्हणाल्या, "तेवढा राहिला बघा. काढाले मन होत नाही." गोवर्धनने न विचारता तो उतरवला. "मले येत नाही, पण शिकन." शकुंतलाबाई वाख पुरवू लागल्या. पीळ धरून ठेवायला दुसऱ्या टोकाला माणूस हवा होता. निवाडेदाराने हात घालायचा नाही, हे कलम माझेच. ते मी तिथे, त्या खोलीत, रद्द केले.

दोर संध्याकाळच्या आत साकवाला बांधला. परतल्यावर चौघांना पुन्हा कार्डे लिहिली. या वेळी मागणी नव्हती. एकच ओळ होती : माझ्याकडे दोराचे एक टोक होते. धरले.