खुर्चीची उंची

सलूनवाल्या काकांनी उभं आयुष्य गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवण्या-उठवण्यात घालवलं. आता हृदय थकलं आणि स्वतः खुर्चीतून उठायचं म्हटलं की त्यांनाच घाम फुटू लागला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाईंना ते 'हेडमास्तरीण' म्हणत. चालण्याचं नंतर बघू, आधी हात न टेकता उठायला शिका, असं बाईंनी बजावलं होतं. ते जमलं तर काका दुकानामागच्या खोलीत एकटे राहणार; नाहीतर लेक दुकानाला कुलूप ठोकून त्यांना आपल्या घरी नेणार होती.

काका दुकानातल्याच खुर्चीवर सराव करत. आठवडाभरातच ते झपाझप उठू लागले, तेव्हा लेकीला संशय आला. पाहते तर काय, पठ्ठ्याने पायाने खुर्चीखालचा दांडा मारून मारून खुर्ची पार वर चढवलेली. ते बसणं कसलं, नुसतं टेकणं.

तिने ताकास तूर लागू दिली नाही. गुपचूप बाईंना विचारलं.

"रोज थोडी खाली घ्या," बाई म्हणाल्या. "पण बोलताना धाप लागली तर लगेच थांबवा."

काका अंघोळीला गेले की ती दांडा दाबून खुर्ची जराशी खाली घ्यायची. काका उठायचे, पण दातओठ खाऊन. आपण बापाला बरं करतोय की मारतोय, हेच तिला कळेना.

एके दिवशी काका अर्धे उठले आणि मागे कोसळले. ओठ पांढरे पडले, तोंडून शब्द फुटेना. तिने सराव थांबवला आणि डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टरांनी औषध बदललं, विश्रांती दिली, मग हिरवा कंदील दाखवला. बाई काकांची परीक्षा घेणार होत्या, त्या सकाळी लेकीनेच खुर्ची भराभर वर चढवली. दुकान सुटलं तर हा माणूस जगणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

बाई आल्या. काकांनी खुर्चीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग दांड्यावर पाय दाबून खुर्ची तळापर्यंत उतरवली.

"इतके दिवस खाली घेत होतीस, मी गप्प बसलो. आज वर का घेतलीस?"

"भीती वाटली, बाबा."

"मलाही वाटते."

ते बसले. हात छातीशी बांधले, पुढे झुकले. गुडघे लटपटले, मान थरथरली. काका उभे राहिले.

"काका, काहीतरी बोला," बाई घाईने म्हणाल्या.

काकांनी दम घेतला. कात्री उचलली आणि लेकीला खुर्ची दाखवली.

"बस. किती वाढलेत केस तुझे."